स्पिरुलिना: बादलीतून टाकीत जाताना

शैवालापासून इंधन काढायचं आत्ता डोक्यातून काढा. स्पिरुलिना या खाण्याच्या सूक्ष्म शैवालात तेल कमी, प्रथिनं मात्र कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. सुरुवात खाण्यापासूनच करा.

बादली हिरवीगार झाली की नवा माणूस थेट हजार लिटरची टाकी भरतो. मीही तेच केलं होतं. चार दिवसांत सगळं पिवळं! पाणी एकदम वाढलं की शैवाल विरळ होतं आणि कोकणातलं एप्रिलचं ऊन त्याला जाळतं. एका वेळी दुप्पट-तिप्पटच वाढवा, रंग गडद होऊ द्या, मग पुढे. तोवर वर हिरवी जाळी हवीच.

आणखी थोडं:

- पाण्यात खाण्याचा सोडा लागतोच. शैवाल वाढेल तसा पीएच चढतो. तो ९ ते १०.५ ठेवा. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात परकी शैवालं सहसा टिकत नाहीत.
- खोली २० सेंटिमीटरपर्यंत. दिवसातून चार-पाचदा हलक्या हाताने ढवळा.
- छप्पर मे संपायच्या आत. आपला पाऊस एका रात्रीत टाकी पातळ करतो. (माडाखाली टाकी नको, झावळ्या पडतात!)

पावसाळ्यात उन्हात वाळवायचा हट्ट नको, बुरशी येते. काढाल तेवढी ताजीच खा. पंप, पॅडलव्हील (पाणी फिरवत ठेवणारं चाक) यांचं दिवाळीनंतर बघू.