कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चालायला पहिल्यांदा येताय? एवढंच करा

काका, ६५ व्या वर्षी सुरुवात केली म्हणजे उशीर झाला असं नाही. मीही निवृत्तीनंतरच आलो. पहिल्याच दिवशी रंकाळ्याची अख्खी फेरी मारायचा हट्ट केला आणि आठवडाभर गुडघा धरून बसलो. बहुतेकांची हीच चूक होते.

पहिले १५ दिवस रोज १०-१५ मिनिटंच चाला. वेग असा की बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मग हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनाही किमान एवढं सांगते.

नुसतं चालणं मात्र पुरत नाही, हे बरेच जण विसरतात बघा:

- हात न टेकता खुर्चीतून ८-१० वेळा उठा-बसा, आठवड्यातून दोन-तीनदा.
- कट्टा धरून एका पायावर उभं राहा. तोल सुधारला की पडायची भीती कमी.
- चप्पल नको, बूट घाला.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, उपाशी निघू नका. छातीत दाब आला, चक्कर आली तर तिथंच थांबा.

झोप सुधारते, चिडचिडही कमी होते. निम्मं श्रेय कट्ट्यावरच्या गप्पांना. फेरीनंतर रोज मिसळ मात्र नको, रविवारी चालतंय. डंबेल, पावलं मोजायचं घड्याळ सगळं नंतर बघू. उद्या सहाला या.