चतुर्थीपर्यंत एक खेळ

वेंगुर्ला, आषाढातली एक संध्याकाळ

प्रिय भाचीबाई,

दुपारी लाईट गेली ती अजून आलेली नाही. इन्व्हर्टरही कुरकुरायला लागलाय, म्हणून तुझ्या मेसेजचं उत्तर वहीच्या पानावर लिहितेय. उद्या फोटो काढून पाठवीन.

गेम प्रोग्रामिंगचा विषय घेतलास, बरं केलंस. तुझ्या आईचा फोन येऊन गेला, "खेळ शिकायला कॉलेजात पाठवलंय का हिला?" तिचं मी बघते. तू पाठवलेला गेमचा आराखडा वाचून मात्र मलाच घाम फुटला. सिंधुदुर्ग किल्ला, भोवती आरमार, वादळ, तोफा, वर शंभर खलाशी आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा! अगो, तो किल्ला बांधायला १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं गेली, आणि महाराजांच्या हाताशी माणसं होती. तुझ्या हाताशी एक सेमिस्टर, त्यात चतुर्थीची सुट्टी, आणि दादाने टाकून दिलेला लॅपटॉप. आराखडा फाडू नकोस. ट्रंकेत तळाशी ठेव.

पहिले दोन-तीन आठवडे तुम्ही पडद्यावर एक चौकोन इकडून तिकडे सरकवाल. तुला कंटाळा येईल. येऊ दे, पण त्या तासांना दांडी मारू नकोस, कारण पुढचं सगळं त्या चौकोनाच्या पोटात आहे. कुठलाही गेम म्हणजे न थांबणारं एक चक्र: कुठलं बटण दाबलंय ते बघायचं, त्याप्रमाणे सगळ्यांना जरासं पुढे सरकवायचं, चित्र काढायचं, पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ६० फेऱ्या हव्या असतील तर एका फेरीला १६ मिलिसेकंदांच्या वर थोडासाच वेळ मिळतो. तेवढ्यात लाट, होडी, मासे, गुण, सगळं उरकायचं.

यात मी कशी तोंडावर आपटले ते ऐक. शेवटच्या वर्षाला मी चेंडू-फळीचा खेळ केला होता. चेंडू दर फेरीला ४ पिक्सेल पुढे, असं सरळ लिहून टाकलेलं. माझ्या रडक्या कॉम्प्युटरवर सेकंदाला ३० फेऱ्या व्हायच्या, म्हणजे चेंडू १२० पिक्सेल जायचा. छान वाटायचं. गॅदरिंगला तो खेळ लॅबमधल्या नव्याकोऱ्या मशीनवर लावला. तिथे फेऱ्या तिप्पट. पाहुण्यांनी फळीला हात लावायच्या आत चेंडू पसार, पुन्हा पसार, पुन्हा पसार. पाहुणे हसले आणि शेजारच्या रांगोळीकडे वळले. मी तिथेच उभी, कान लाल.

उपाय एका ओळीचा होता. चेंडूला "दर फेरीला ४" असं सांगायचंच नाही, "सेकंदाला १२०" असं सांगायचं, आणि मागच्या फेरीपासून जेवढा वेळ गेला असेल त्याने गुणायचं. याला डेल्टा टाइम म्हणतात. सर हा शब्द पाचव्या मिनिटाला फळ्यावर लिहून पुढे जातील. तू तिथेच थांब आणि तुझा चौकोन दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर चालवून बघ.

गंमत म्हणजे माझी फजिती झाली त्याच जातीच्या गोष्टीवर एका माणसाने नाव काढलं. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले अधिकाधिक वेगाने सरकतात. कारण काय, तर चित्रं कमी झाली की त्या मशीनचा भार हलका व्हायचा. तो खेळ बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोने ते दुरुस्त केलं नाही, तसंच ठेवलं, आणि खेळाचा सगळा थरार तिथेच आला. त्याला ते कशामुळे होतंय हे ठाऊक होतं. मला नव्हतं.

आणखी दोन खड्डे सांगून ठेवते. उजवं आणि वरचं बटण एकदम दाबलं की होडी तिरकी जाताना १.४१ पट वेगाने जाते. शाळेतला पायथागोरस आठव, कारण तुझं तुलाच सापडेल. दुसरा खड्डा असा: सेकंदाला १२०० पिक्सेल जाणारी गोळी एका फेरीत २० पिक्सेल उडी मारते. भिंत १० पिक्सेल जाडीची असेल तर गोळी आधीच्या फेरीत अलीकडे, नंतरच्या फेरीत पलीकडे. आपटतच नाही. पहिल्यांदा हे बघितलंस की भूत लागलंय असं वाटेल.

गेम बनवायचं सॉफ्टवेअर म्हणून युनिटी घेऊ की गोडो, हा प्रश्न तू तीनदा विचारलायस. सर जे शिकवतील ते घे. त्यांनी निवड तुमच्यावर सोडली तर गोडो. फुकट आहे, त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे, डाउनलोड शे-दीडशे एमबीच्या आत, आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. युनिटीला कित्येक जीबी लागतात, आणि हॉस्टेलचं नेट मी बघितलंय. झालं, यावर आणखी रात्री जागवू नकोस.

आता काय करायचं ते. मागे शिरोड्याला रापण ओढताना आपण बघायला थांबलो होतो, आठवतं? होडी अर्धगोल जाळं टाकून आली, आणि दोर धरून किनाऱ्यावर दोन टोळ्या. एक बाजू पुढे गेली की दुसऱ्या बाजूने आरडाओरडा, कारण जाळं वाकडं झालं की पेडवे मासे सुटणार. तू तेव्हा म्हणालीस, "मावशे, हो तर गेम आसा." खरंच आहे. दोन बटणं, डावा दोर आणि उजवा दोर. दोन आकडे, कुठला किती ओढला. त्यांच्यातला फरक वाढला की मासे गळायला लागतील. वर एकच नियम: लाट आत येताना ओढलं तर दोर भरभर येतो, लाट मागे जाताना ओढलं तर हातातून निसटतो. मासे म्हणजे ठिपके, माणसं म्हणजे काड्या. चित्रं काढायला बसू नकोस, त्यात महिना जातो आणि सबमिशनला सुंदर पण न चालणारं काहीतरी हातात राहतं.

हे लवकर झालं आणि हात शिवशिवायला लागले, तर दुसरा खेळ सावंतवाडीचा गंजिफा, तो जुना गोल पत्त्यांचा. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे १२० पानं. आकड्यांच्या पानांत निम्म्या अवतारांत दहाचं पान वरचढ, निम्म्यांत उलटं, एकाचं. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो पहिला खेळणार, रात्री मांडला तर कृष्णाचा. कोडमधलं इफ आणि एल्स, म्हणजे "असं असेल तर हे, नाहीतर ते", शिकायला याहून गोड उदाहरण मला माहीत नाही.

कोड मागितला की लिहून देणारे चॅटबॉट आता सगळ्यांच्याच खिशात आहेत. माझंही काम त्यांच्याशिवाय होत नाही, उगाच सोवळं कशाला दाखवू? पण पहिला महिना प्रत्येक ओळ स्वतः टाईप कर. तोंडी परीक्षेत "ही ओळ काढली तर काय होईल?" असं विचारलं की कोण किती पाण्यात आहे ते लगेच दिसतं. आणि गिट, म्हणजे कोडची प्रत्येक पायरी जपून ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून. तुझी बॅटरी मेलेली आहे, पावसात लाईट कधी जाईल नेम नाही. काहीतरी चालायला लागलं की लगेच कमिट, म्हणजे ती पायरी गिटमध्ये नोंदवून टाक.

खेळ चालायला लागला की तो माणसांच्या हातात दे, आणि गप्प बस. हे सगळ्यात कठीण. माझा पहिला मोबाइल गेम मी तुझ्या आजोबांना दिला. ते दोन मिनिटं नुसतं नावाचं चित्र दाबत बसले. मग म्हणाले, "खंय दाबूचा?" मी चटकन बोट दाखवलं आणि तिथेच चुकले. कारण बाकीच्या लोकांजवळ बोट दाखवायला मी असणार नव्हते. तेव्हापासून वही घेऊन बाजूला बसते. कुठे अडलं, कुठे हसले, कुठे फोन खाली ठेवला, एवढंच लिहायचं. "आवडला का?" विचारायचं नाही, घरची माणसं हो म्हणतातच.

आईला काय सांगायचं ते मी असं ठरवलंय: नोकरीची हमी या विषयात नाही, आणि मी ती देणारही नाही. पुण्यात स्टुडिओ आहेत, युबिसॉफ्टचा तर २००८ पासून आहे, पण तिथे रांगही मोठी असते. मात्र सोळा मिलिसेकंदांत काम उरकायची सवय लागलेल्या मुलीला बाकीचा कोड जड जात नाही, हे मी आमच्या ऑफिसात बघितलंय.

चतुर्थीला भजनाला वाडीतली वीसेक पोरं येतील. आरती आणि उसळीच्या मधल्या वेळात रापण त्यांच्यापुढे ठेवू. आजोबांना पहिला नंबर. येताना चार्जर विसरू नकोस, गेल्या वेळेस विसरली होतीस.

तुझी,
मावशी