डबा भरलेलाच परत येतो

एडीएचडी (म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जाणं) असलेल्या तरुण मुलांच्या आया एक तक्रार हमखास घेऊन येतात: दिवसभर काही खात नाही आणि रात्री घरातलं फरसाण फस्त करतो. पुढचं वाक्यही ठरलेलं, "जिभेवर ताबाच नाही हो, मॅडम."

मध्यंतरी नौपाड्यातून अशाच एक काकू आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा 28 वर्षांचा, ठाण्याहून ऐरोलीला आयटी कंपनीत जाणारा. निदान मोठेपणीच झालेलं, मानसोपचारतज्ज्ञांनी मेथिलफेनिडेटची, म्हणजे लक्ष टिकवायला मदत करणारी गोळी सुरू केलेली. काकू पोळीभाजीचा डबा देत, सोबत छोट्या डबीत सुका मेवा. दोन्ही संध्याकाळी जसेच्या तसे परत. रात्री अकराला मात्र हा ओट्यापाशी उभ्या उभ्या शेव, बाकरवडी, बिस्किटं, हाताला लागेल ते खात सुटायचा.

मी त्याला म्हटलं, कालचा दिवस सांग. सकाळी उशीर झाला म्हणून नुसत्या चहावर गोळी घेऊन पळाला होता. दुपारभर कोडमधली एक चूक शोधत बसला. डबा बॅगेत, बॅग टेबलाखाली.

"भूक नाही लागली?"

"लागली असेल. माझ्या लक्षात आलं तेव्हा साडेपाच वाजले होते, हात थरथरत होते."

मग स्टेशनबाहेर दोन वडापाव, घरी जेवणावर मन नाही, आणि रात्री पुन्हा फरसाण.

यात जिभेचा दोष फारसा नाही. मेथिलफेनिडेटने बऱ्याच जणांची भूक मरते आणि गोळीचा परिणाम ओसरला की दाबलेली भूक एकदम उसळते. त्यात एडीएचडीमध्ये लक्ष एखाद्या कामात रुतलं की पोट काय सांगतंय ते ऐकूच येत नाही. आणि दिवसभर दमलेल्या मेंदूला रात्री चटकन मजा देणारं काहीतरी हवं असतं. कुरकुरीत, खारट, गोड. वाफवलेली मटकी तेव्हा कोण खाणार?

काकूंना विचारलं, घरात पौष्टिक काय काय असतं? फुटाणे, शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, सगळं होतं. पण वरच्या फळीवर, स्टीलच्या डब्यांत. फळं फ्रिजच्या तळच्या कप्प्यात. पपई तिथेच सडायची. चकचकीत पाकिटं मात्र ओट्यावर. डोळ्याआड ते सृष्टीआड, हे या मुलांइतकं कुणालाच लागू पडत नसेल.

म्हणून पदार्थ तेच ठेवले, जागा बदलल्या. ऑफिसच्या टेबलावर, कीबोर्डशेजारी, फुटाणे-शेंगदाण्याची काचेची बरणी. डबा बॅगेतून काढून समोर. मोबाइलचा गजर त्याने आधी लावून पाहिला होता, पण बोट आपोआप तो बंद करायचं. त्यापेक्षा रोजचा टीमचा कॉल संपला की मूठभर खायचं, असं कॉललाच बांधून टाकलं. निघताना एक केळं. सकाळी गोळीच्या आधी नाश्ता, आणि त्यात प्रथिनं हवीतच: रात्रीच उकडून फ्रिजमध्ये समोर ठेवलेली अंडी, नाहीतर मुगाचं धिरडं, उभ्याने खाल्लं तरी चालेल.

काकूंना हे पटेना. "असं दिवसभर चरत राहायचं? आणि बरणीला मुंग्या लागतील त्या वेगळ्याच." मुंग्यांसाठी घट्ट झाकण. चरण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्याला भूक वेळेवर कळत नाही, त्याने ती कळायची वाट पाहू नये.

साखर बंद केली तर हा शांत होईल का, हेही त्यांनी विचारलंच. मुलांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 1995 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता. साखरेमुळे वागणं किंवा एकाग्रता बिघडते असं त्यात आढळलं नाही. रिकाम्या पोटी नुसती बिस्किटं खाल्ली तर थोड्या वेळात पुन्हा भूक लागते, एवढंच. खजूर खा, पण दाण्यांबरोबर.

त्याचं वजन उतरत होतं, म्हणून डॉक्टरांना चिठ्ठी दिली. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची का, ते त्यांनी ठरवायचं. मनाने बंद करायची नाही, हे त्याला दोनदा बजावलं.

काही आठवड्यांनी डबा रिकामा येऊ लागला, रोज नाही, पण बऱ्याचदा. बरणी बुधवारीच संपायची आणि भरायचं राहून जायचं. ते काम आता वडिलांकडे आहे. जांभळी नाक्यावरून किलोने फुटाणे आणतात. फरसाणावर बंदी घालू नका, असं मी सांगितलं होतं. काकूंनी शेव त्या वरच्या फळीवरच्या स्टीलच्या डब्यात नेऊन ठेवली. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रात्रीचं खाणं मात्र प्रत्येक वेळी इतकं साधं नसतं. लपून खाणं, पोट दुखेपर्यंत थांबता न येणं, नंतर स्वतःची किळस वाटणं, असं वारंवार होत असेल तर तो अतिखाण्याचा विकार असू शकतो आणि एडीएचडी असलेल्यांत तो जास्त दिसतो. तिथे बरण्या हलवून भागत नाही. पुढच्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञांना हे स्वतःहून सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका.