पालकांचे प्रश्न : चार वर्षांच्या हातात पेन्सिल

प्रश्न : मुलगा सव्वाचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत आहे. रोज घरी दोन पानं एबीसीडी आणि एक पान अंक लिहायचे असतात. दहा मिनिटांत हात दुखतो म्हणून रडतो. जवळच्या बालवाडीत मुलं नुसती खेळतात. तिकडे घातलं तर पहिलीत मागे पडेल का?
– एक आई, खारघर

उत्तर : हात दुखतो हे नाटक नाही. या वयात मनगटातली काही हाडं अजून कूर्चेचीच असतात आणि तीन बोटांची पकड साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान बसते. त्याआधी पानं भरायला लावली की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, जोर खांद्यातून लावतं, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. हे बाईंना शांतपणे दाखवा आणि निदान एक पान कमी करून घ्या.

घरी दोन आठवडे पेन्सिल बाजूला ठेवा. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, एवढं रोज १० मिनिटं पुरे. मग मेणखडूचा दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा द्या, अख्खा नको. तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटंच लागतात. कागद दारावर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा, म्हणजे मनगट आपोआप मागे झुकतं. मराठी अक्षरं सुरू कराल तेव्हा ग, म, भ, न पासून करा. ‘अ’ पहिला येतो तो वर्णमालेत, हाताला तो अवघडच.

आता बालवाडी. ‘नुसती खेळतात’ यावर मी तरी खूश होणार नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पानं, बिया, शंख-शिंपल्यांतून शिकवत, पण त्या खेळामागे आखणी होती. तासभर बसून पाहा. रोज गोष्ट वाचली जाते का आणि मध्ये प्रश्न विचारले जातात का? ‘कमळ’ला तीन टाळ्या, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, असे आवाजाचे खेळ होतात का? वाचनाचा खरा पाया तोच. ‘ताटलीत सात चिंचोके काढ’ म्हटलं की काढता येतात का? शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं इथेच अडतात. हे सगळं होत असेल तर खुशाल घाला, मागे पडणार नाही. न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत फरक उरला नव्हता. घसरगुंडी आणि टीव्ही एवढंच असेल, तर मात्र आहे तीच शाळा ठेवा.

प्रश्न : नातू पहिलीत आहे. पंचवीस सांगितलं की ५२ लिहितो. डोळे तपासावेत का?
– आजोबा, नौपाडा

उत्तर : एवढ्यावरून नको. दोष आपल्या संख्यानामांचा आहे. ‘पंच’ आधी ऐकू येतं, म्हणून तो ५ आधी लिहितो. एकोणतीसला तर ३९ हमखास. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधा. पंचवीस म्हटलं की दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे. मांडून झाल्यावरच लिहायचं. दोन अंकी संख्येचं श्रुतलेखन महिनाभर बंद.