घड्याळ मागे पडतं, दोष उन्हाळ्याचा?

या वेळी घड्याळांबद्दल आलेल्या बहुतेक प्रश्नांत आरोपी एकच आहे : हवा. कधी उष्मा, कधी गारठा, कधी पावसाळी दमट. काही ठिकाणी आरोप खराही आहे. पण आधी आकडा बघू.

घरात आजोबांच्या वेळचं उंच, लंबकाचं घड्याळ आहे. उन्हाळा लागला की आठवड्याला पाचेक मिनिटं मागे पडतं. दांडी तापून लांबते म्हणून असं होतं, हे बरोबर का?

कारण बरोबर, हिशेब जुळत नाही. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक ९९४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तापमान १० अंशांनी चढलं की पोलादी दांडी वाढते एक दशांश मिलिमीटरच्या थोडी वर. वहीच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच. त्यानं दिवसाला ५ सेकंद जातात, आठवड्याला ३५. दांडी पितळेची असली तरी आठवड्याला मिनिटभर. तुमची उरलेली चार मिनिटं भलत्याच कोणीतरी खाल्ली आहेत.

लंबक हलत असताना पेटीच्या माथ्यावर अलगद बोटं टेकवा. पेटीही लंबकाबरोबर किंचित डुलतेय असं जाणवलं, तर ती पक्की बसवलेली नाही. असं घड्याळ कधीच नीट चालत नाही. मग वरची पातळ पट्टी बघा, जिला लंबक टांगलेला असतो. तिला मुरड पडलेली नाही ना? शेवटी गोळ्याखालचा नट. तो आपोआप सैल होत गेला की गोळा खाली येतो, आणि एक मिलिमीटरला दिवसाचे ४३ सेकंद जातात.

एवढं करूनही फक्त उष्म्याचेच पाच सेकंद उरले, तर मी म्हणेन राहू द्या. ज्यांना तेही नको होते त्यांनी मोठे खटाटोप केले. अठराव्या शतकात इंग्रज घड्याळजी जॉर्ज ग्रॅहमनं गोळ्याच्या जागी पाऱ्याची बरणी लावली : दांडी खाली लांबली की पारा वर फुगतो, फिट्टंफाट. पुढे १८९६ मध्ये शार्ल गियोम या स्विस भौतिकशास्त्रज्ञाला निकेल-पोलादाचं असं मिश्रण सापडलं की जे तापलं तरी जवळजवळ लांबतच नाही. तेच इन्व्हार. १९२० चं नोबेल त्याला या मिश्रधातूंच्या कामासाठी मिळालं.

लाकडी दांडी लावली तर?

उष्म्यापुरती उत्तम, लाकूड लांबीत फार कमी वाढतं. पण ते दमट हवा पितं. सरळ रेषांचं, पूर्ण वाळलेलं लाकूड घ्या आणि टोकांसकट वॉर्निश करा. टोकं कोरी ठेवणं ही नेहमीची चूक.

सेलवरचं क्वार्ट्झ घड्याळ गच्चीच्या खोलीत आहे. उन्हाळ्यात मागे पडतं हे समजलं, पण मग थंडीत पुढे जायला हवं ना? ते थंडीतही मागेच!

फार छान निरीक्षण. इथे लांबण्या-आखडण्याचा सरळ नियम चालतच नाही. आतला क्वार्ट्झचा स्फटिक चिमट्यासारख्या दोन पायांचा असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की उरतो एक, म्हणजे सेकंदाचा एक ठोका. स्फटिक कापतानाच असा बेत केलेला असतो की साधारण २५ अंशांना त्याचा वेग सर्वांत जास्त असावा. तिथून वर जा नाहीतर खाली, तो मंदावतोच. शिवाय फरक वर्गानं वाढतो : १० अंश दूर गेलात तर दिवसाला सेकंदाचा तिसरा हिस्सा, २० अंश दूर गेलात तर चौपट, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास. महिन्याला ३५-४० सेकंद धरा. याहून जास्त पडत असेल तर आधी सेल बदला. कडाक्याच्या थंडीत जुना सेल पटकन मान टाकतो.

मनगटावरचं क्वार्ट्झ घड्याळ यामुळेच सुखी असतं. अंगाची ऊब त्याला बाराही महिने त्या २५ च्या जवळपास ठेवते.

चावीचं मनगटी घड्याळ गेल्या आठवड्यापासून दिवसाला पंधरा मिनिटं पुढे जातंय. इकडे उकाडाही वाढलाय.

उकाड्याला सोडा. फर्डिनांड बर्थू या घड्याळजीनं अठराव्या शतकातच मोजून ठेवलंय : उष्म्याची कोणतीही भरपाई नसलेलं घड्याळ ३३ अंशांच्या वाढीला दिवसात ३९३ सेकंद मागे पडलं, आणि त्यातले ३१२ केवळ हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची चाल राखणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, मऊ पडल्यामुळे. म्हणजे उष्मा मागे ओढतो. हल्लीच्या मिश्रधातूच्या स्प्रिंगांत तर तेवढंही होत नाही. तुमचं एकदम पुढे पळतंय, म्हणजे त्याला चुंबक लागलाय. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते. घड्याळ होकायंत्राजवळून फिरवा. सुई झटकन वळली तर खात्री पटेल. फोनच्या कव्हरची चुंबकी पट्टी, पर्सची कडी, स्पीकर : रात्री काढून कशावर ठेवता ते आठवा. घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं यंत्र असतं, मिनिटाचं काम. घड्याळ उघडायला देऊ नका.

समुद्रकाठचं घर सोडून डोंगरात राहायला आलो. लंबकाचं घड्याळ मागे पडू लागलं. इथे तर थंडी आहे!

उंचीवर गुरुत्वाकर्षण किंचित कमी. हजार मीटरला दिवसाचे दहाएक सेकंद जातात. १६७२ मध्ये जाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला नेलेलं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडलं, तेव्हाही पुष्कळांनी तिथल्या उष्म्यालाच धरलं. उष्म्यानं एवढं होणार नाही, हे न्यूटननं हिशेबानं दाखवलं. खरं कारण विषुववृत्तावरचं कमी गुरुत्वाकर्षण.

तुम्ही गोळा अगदी थोडा वर घ्या. पण आठ दिवस थांबून. सामान हलवताना लंबक काढला नसेल तर ती वरची पट्टी आधी तपासा.