आधी एक्सल, मग उंची: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा, माझ्याकडे जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप. पाटणच्या पुढे डोंगरात आमचं शेत आहे, पावसाळ्यात शेवटचा रस्ता म्हणजे नुसता चिखल आणि दगड, गाडीचा गोळा (एक्सलच्या मधला डिफरन्शिअलचा फुगीर भाग) दोनदा दगडावर आपटलाय. मिस्त्री म्हणतो स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या वर घेऊ, 31 इंची टायर टाकू आणि पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) बसवू. पैसे एकदम नाहीत, टप्प्याटप्प्याने करायचंय. आणि 60-70 च्या स्पीडला खड्डा लागला की स्टेअरिंग जोरात थरथरतं, ते पण यातच जाईल का? सुरुवात कुठून करू?
(कराड)

उत्तर: शेवटून सुरू करतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. थरथर यात जाणार नाही, उलट वाढेल. आज आहे त्या उंचीला आणि आहे त्या टायरवर जर पुढचा एक्सल थरथरतोय तर त्याच्यावर जड टायर आणि पाच-एक इंच उंची चढवणं म्हणजे दुखण्यावर अजून वजन टाकणं. त्यामुळे पहिला टप्पा कुठलाही नवीन पार्ट नाही, पुढचा एक्सल तपासून घेणं.

गाडी पुढून उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, तसाच राहिला तर किंगपिनचं (ज्या खिळीवर चाक वळतं ती) बेअरिंग गेलंय किंवा त्याची शिम (फट जुळवणारी पातळ चकती) चुकीची बसलीय. बहुतेक गॅरेजमध्ये हा फरक न बघताच बेअरिंग टाईट करून देतात आणि थरथर महिनाभरात परत येते. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा, एकाने टाय रॉडच्या (दोन्ही चाकं जोडणारा स्टेअरिंगचा दांडा) एंडवर हात ठेवायचा, खेळ असेल तर हाताला टक टक लागते.

दुसरं, नकलच्या (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) मागे जो चकचकीत गोल बॉल दिसतो त्याच्याकडे नीट बघा. त्यावर ग्रीसचा पातळ थर असणं नॉर्मल आहे. पण तिथून काळपट पातळ तेल ओघळून टायरच्या आतल्या बाजूला जात असेल तर एक्सल ट्यूबच्या टोकाचं आतलं ऑइल सील गेलंय. गोळ्यातलं गिअर ऑइल नकलमध्ये येतंय आणि तिथलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतंय. अशा वेळी बाहेरचं सील कितीही वेळा बदललं तरी उपयोग नाही, नकल खोलून आतलं सीलच बदलावं लागतं. खोललंच आहे तर सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा), किंगपिन बेअरिंग, दोन्ही सील सगळं एकाच वेळी करून घ्या, मजुरी एकदाच लागेल. प्रीलोड (बेअरिंग किती आवळलंय ते) बघायला टाय रॉड काढून नकलच्या आर्मला स्प्रिंग काटा अडकवून ओढतात, काट्यावरचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलच्या हद्दीत यायला हवा. अंदाजाने शिम टाकणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका.

पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी पट्टी) बुश त्याच वेळी बघा, गाडी जुनी आहे त्यामुळे रबर बहुतेक चिरलेलं असणार. यू-बोल्ट नवीन टाका, जुने परत आवळू नका. थरथर घालवायला कुणी स्टेअरिंग डँपर सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा, त्याने नुसता खेळ झाकला जातो, दुरुस्त होत नाही.

दुसरा टप्पा टायर. इथे एक गोष्ट समजून घ्या कारण तुमचा गोळा आपटण्याचा प्रश्न हाच आहे. पाटे वर घ्या, मोठे शॅकल लावा, काही करा, बॉडी वर जाईल पण गोळा आहे तिथेच राहणार. सॉलिड एक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच ट्यूबवर असलेल्या) गाडीत गोळा फक्त टायरनेच वर उचलला जातो. कंपनीचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिमी उंच भरतो, 235/75 आर 15 साधारण 733 मिमी. म्हणजे टायर 65 मिमीने वाढला पण गोळ्याखाली जागा मिळाली त्याच्या निम्मी, 32-33 मिमी. ऐकायला कमी वाटते पण तुमच्या रस्त्यावर जो दगड गोळ्याला लागतो तो बहुतेक वेळा एवढ्याशाच फरकाने लागतो. फुल लॉकला टायर पाट्याला किंवा फेंडरला घासतो का ते मात्र आधी एक टायर बसवून बघा आणि मगच चार घ्या.

31 इंची टायर मी सुचवणार नाही. तो मूळ टायरपेक्षा 18 टक्के उंच आहे, म्हणजे स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 70 च्या आसपास असेल, आणि गिअर तेवढेच लांब झाल्यासारखे वाटतील, लो गिअरमध्ये चढावर क्लच जास्त जाळावा लागेल. 1.3 लिटर इंजिन, पॉवर स्टेअरिंग नाही, त्यात ते ब्रेक. एवढ्या टायरसोबत गोळ्याचा किंवा ट्रान्सफर केसचा (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) रेशो बदलल्याशिवाय मजा येत नाही, आणि तो वेगळाच खर्च आहे.

आता पाटे एक्सलच्या वर घेणं. गोव्यात 2014 मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेसाठी गाडी करायची असेल तर हे काम समजण्यासारखं आहे, तिथे गाड्या ट्रेलरवर येतात. तुम्ही त्याच गाडीत भाजीचे क्रेट टाकून कराडच्या बाजारात जाणार, हायवेवर चालवणार. पाटे वर घेतले की ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते आणि प्रत्येक खड्ड्यात स्टेअरिंग स्वतःहून ओढतं, त्यासाठी वरून घेणारा स्टेअरिंग आर्म लागतो. ब्रेक होज लांब, प्रोपेलर शाफ्ट लांब. पाट्याचं पॅड एक्सल ट्यूबवर नवीन वेल्ड करावं लागतं आणि एका दमात वेल्ड मारलं तर ट्यूब उष्णतेने वाकते, थोडं थोडं बाजू बदलून मारावं लागतं. त्यातच कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकाव, त्यानेच गाडी सरळ चालते) आणि पिनियनचा (गोळ्यात शाफ्ट जिथे जोडतो तो गिअर) कोन एकमेकांशी भांडतात, नकलमागचा बॉल ट्यूबलाच पक्का असल्यामुळे एक्सल फिरवून कॅस्टर वाढवला की पिनियन खाली जातो आणि शाफ्टचा क्रॉस (सांधा) झिजायला लागतो. दोन्ही बरोबर हवं तर ट्यूबवरून तो बॉल कापून फिरवून परत वेल्ड करणं आलं. हे सगळं करणारे लोक आहेत आणि चांगलं करतात, पण शेताच्या रस्त्यासाठी मी माझ्या भावालाही हे सांगणार नाही.

लांब शॅकलचा स्वस्त उपाय पण टाळा. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, ते लांब केलं की एक्सल पुढे झुकतो, कॅस्टर कमी होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते. पाटे दबून सपाट झाले असतील तर नवीन किंवा चांगले कमान दिलेले पाटे टाका, गेलेली उंची परत येईल आणि तेवढी पुरे. शॉकअप घेताना कॅटलॉग बघून घेऊ नका. एक्सल पूर्ण लटकू द्या आणि दोन्ही माउंटमधलं अंतर मोजा, मग एका चाकाखाली जॅक देऊन बंप स्टॉप (एक्सल वर आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) टेकेपर्यंत दाबा आणि परत मोजा. बंप स्टॉपच्या आधी शॉकअप आत टेकत असेल तर तो महिन्याभरात फुटणार.

लॉकर घ्यायचाच तर मागे घ्या. पुढे लॉक केल्यावर चाक वळवून दगडावर जोर दिला की सगळा ताण एका सीव्ही जॉइंटवर येतो आणि या एक्सलचा कमजोर भाग तोच आहे.

प्रश्न: माझी 2013 ची थार सीआरडीई आहे. टॉर्शन बारचे (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) बोल्ट आवळून पुढून दीड-दोन इंच वर घेतली, आता स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढून टक असा आवाज येतो. टॉर्शन बार गेला का?
(चिपळूण)

उत्तर: बार गेला नाही. बोल्ट आवळल्याने गाडी वर येते पण बार कडक होत नाही आणि चाकाची एकूण हालचालही वाढत नाही, नुसती जागा बदलते. वर जेवढं घेतलंत तेवढं खाली जायचं अंतर कमी झालं. म्हणून ब्रेकरवरून चाक लटकलं की चाक धरणारा आर्म लगेच स्टॉपवर आदळतो, तोच तो टक. असंच चालवलंत तर सीव्हीचे बूट आणि बॉल जॉइंट आधी जातील. निम्म्याहून जास्त परत खाली घ्या, दोन्ही बाजू फेंडरपासून हबच्या मध्यापर्यंत टेपने मोजून सारख्या करा आणि अलाइनमेंट करून घ्या, कँबर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) दोन्ही हललेले असणार. कोकणात जांभ्याच्या चरांतून जाताना चाक खाली पोचणं जास्त कामाचं असतं, ते जमिनीला टेकलं तरच ओढेल.

प्रश्न: जिम्नीला दोन इंचाच्या स्प्रिंगा टाकल्या. ऑफ-रोडला मस्त, पण हायवेला गाडी हलकी वाटते आणि स्टेअरिंग सरळ नाही. अलाइनमेंटवाला म्हणतो टो बरोबर आहे.
(पुणे)

उत्तर: तो खरं सांगतोय, अडचण टो मध्ये नाहीच. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे कॉइल स्प्रिंगवर सॉलिड एक्सल आहे आणि एक्सलला आडवा धरून ठेवतो पॅनहार्ड रॉड. रॉडची लांबी ठरलेली, त्यामुळे गाडी वर गेली की तो एक्सलला एका बाजूला सरकवतो. तुमच्याकडे डाव्या आणि उजव्या टायरचं फेंडरपासूनचं अंतर मोजून बघा, फरक लगेच दिसेल. अ‍ॅडजस्ट होणारा रॉड घेतला की एक्सल मध्ये येतो. स्टेअरिंग व्हील मात्र ड्रॅग लिंकच्या अ‍ॅडजस्टरने सरळ करा, व्हील उपटून दुसऱ्या दातावर बसवू नका. हलकेपणा येतो कॅस्टर कमी झाल्यामुळे, उंचीने एक्सल धरणारे आर्म खाली झुकतात आणि एक्सल फिरतो. त्यासाठी आर्ममध्ये कॅस्टर करेक्शनचे बुश बसवा. बुश प्रेसवर काढून दिशा बघून बसवावे लागतात, उलटे बसले तर कॅस्टर अजून कमी होईल. आधी बुश, मग रॉड, शेवटी अलाइनमेंट, आणि कॅस्टरचा आकडा प्रिंटवर मागून घ्या.

प्रश्न: गाडीतले हे सगळे बदल आरटीओला चालतात का?
(नाशिक)

उत्तर: जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल दिला, त्यानुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. झिजलेले बुश, बेअरिंग, शॉकअप, पाटे मूळ मापाचे बदलणं ही दुरुस्ती झाली. एक्सल वेल्ड करून उंची वाढवणं हा बदल आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. स्पर्धेची गाडी वेगळी ठेवा आणि ट्रेलरवर न्या.