एआयची शर्यत, स्पर्धा की चढाओढ?

एका वाचकाने विचारलंय: बातम्यांत कधी ‘एआयची शर्यत’ दिसते, कधी ‘एआयमधली स्पर्धा’. दोन्ही एकच का? आणि देश एकत्र येतात तेव्हा ‘सहकार्य’ म्हणायचं की ‘सहयोग’?

एकच नाहीत. ससा-कासवाची शर्यत लागते, स्पर्धा नव्हे. उलट वक्तृत्वाची स्पर्धा असते, शर्यत नाही. शर्यतीला धाव लागते आणि मुख्य म्हणजे शेवटची रेषा. ती ओलांडली की निकाल लागला. शब्द आला अरबी ‘शर्त’वरून, म्हणजे अट किंवा पैज. ‘स्पर्धा’ संस्कृत ‘स्पर्ध्’ धातूची. तिच्यात वरचढ ठरण्याची धडपड आहे, पण ती कुठे तरी संपलीच पाहिजे असं नाही. शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ अण्वस्त्रं वाढवतच राहिले, त्यासाठी मराठीत ‘शस्त्रास्त्र स्पर्धा’ रुळलं, ते योग्यच.

आता एआय. अमेरिकेने जुलै २०२५मध्ये जाहीर केलेल्या एआय कृती आराखड्याच्या शीर्षकातच शर्यत जिंकण्याची भाषा आहे. त्याचा अनुवाद करताना ‘शर्यत’च लिहा, त्यांना तेच म्हणायचंय. पण वाक्य आपलं असेल तर रेषा नेमकी कुठे आखलीय, हे आधी स्वतःला विचारावं. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेने चीनला एआयसाठी लागणाऱ्या प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. जानेवारी २०२५मध्ये चीनच्या डीपसीक कंपनीने आर-१ हे एआय मॉडेल आणून सगळ्यांना चकित केलं. एक देश दुसऱ्याचे पाय ओढतो, दुसरा तरीही वर चढतो. याला मला ‘चढाओढ’ हा शब्द सर्वांत चपखल वाटतो. त्यात चढ आहे नि ओढही.

‘सहकार्य’ या सगळ्याचा विरुद्धार्थी शब्द आहे असं समजू नका. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कला झालेल्या परिषदेत २८ देश आणि युरोपीय संघ यांनी एआयच्या धोक्यांबद्दलच्या जाहीरनाम्याला मान्यता दिली. त्यात अमेरिका होती, चीनही होता. आणि जेमतेम पंधरा दिवस आधी अमेरिकेने तेच चिपनिर्बंध आणखी आवळले होते!

‘कृपया सहकार्य करा’ अशी पाटी वाचून आपण फारसं काही करत नाही, आडवे येत नाही इतकंच. सहयोगात पदरचं काही तरी घालावं लागतं. १९५४मध्ये स्थापन झालेल्या सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत सदस्य देश पैसा देतात, अनेक देशांचे शास्त्रज्ञ एकाच यंत्रावर काम करतात. तो सहयोग. एआयसाठी तसं काही उभारावं असं म्हणणारे आहेत. त्यांच्या मागणीबद्दल लिहिताना ‘सहयोग’ वापरा. ब्लेचलीला ‘सहकार्य’ पुरे.

‘हातमिळवणी’ मात्र जपून. दोन देशांची हातमिळवणी म्हटलं की ती तिसऱ्याविरुद्ध असल्याचा वास येतो.